कच्चा खर्डा आणि पक्की प्रत

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी माझे एक स्नेही घरी आले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड आहे. मूळचे सांगलीकडचे, आणि माझ्याप्रमाणेच नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस येऊन आता येथलेच होऊन बसलेले. त्यांनी नवा कॅमेरा घेतला होता. चहा होईतो त्यांनी तो पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाकीचं मी वाचून घेईन. एवढंच सांगा, यात 'रॉ' ठेवू की 'जेपेग'?"

मी पाच मिनिटांत त्यांना उत्तर दिले. घरगुती प्रसंग असतील तर जेपेग ठेवा, पुढे सुधारणा करीत बसण्याची हौस असेल तर रॉ ठेवा, असे ते उत्तर होते. स्नेही समाधानाने गेले. माझे मात्र समाधान झाले नाही. मी जे सांगितले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. आणि ते अपुरे आहे हे मला ठाऊक असूनही मी तेवढ्यावर भागविले होते. या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या आचरणाने एकदा दिलेले आहे, आणि त्याचे शल्य अजून गेलेले नाही. तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की, कॅमेऱ्याच्या यादीत दडलेला हा दोन शब्दांचा पर्याय दिसतो तितका केवळ यंत्राचा नाही. आपल्या हाती आलेल्या सत्याचे आपण काय करावे, त्यातले काय ठेवावे, काय टाकावे, आणि निर्णय केव्हा करावा, असा तो प्रश्न आहे.

ज्या वाचकांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांच्यासाठी प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. अंकीय कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक संवेदक असतो. त्यावर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याचा एक आकडा नोंदला जातो. हे आकडे जसेच्या तसे साठविले की त्याला 'रॉ' म्हणतात. माझ्या कॅमेऱ्यात असे दोन कोटी चाळीस लाख बिंदू आहेत, आणि प्रत्येक बिंदूचा प्रकाश १६,३८४ पायऱ्यांमध्ये मोजला जातो. या आकड्यांना छायाचित्र म्हणता येत नाही. ते छायाचित्राचे साहित्य आहे.

जेपेगचे तसे नाही. तेथे कॅमेरा आपल्या पोटातच त्या आकड्यांवरून चित्र तयार करतो. दिव्याचा पिवळेपणा किती काढायचा, काळ्याला किती काळे करायचे, कडा किती धारदार करायच्या, हे सर्व तो क्षणार्धात ठरवितो. १६,३८४ पायऱ्यांच्या २५६ करतो. आणि मग ते चित्र लहानशा जागेत बसावे म्हणून त्यातील काही भाग टाकून देतो. ही पद्धत १९८६ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने ठरविली आणि १९९२ मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य झाली. जेपेग हे त्या मंडळाच्याच नावाचे संक्षिप्त रूप. हिच्या मुळाशी असलेले गणित १९७४ साली तिघांच्या नावे प्रसिद्ध झाले होते. त्यातले पहिले नाव नासिर अहमद यांचे. ते जन्माने बंगळूरचे.

या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन म्हणजे स्थूल व सूक्ष्म अशा चौसष्ट नमुन्यांची बेरीज आहे असे मानून त्यांची प्रमाणे काढतात. मग स्थूल ते बहुतेक राखतात, आणि अतिसूक्ष्म ते कमी करीत करीत पुष्कळदा शून्यावर आणतात. रंगांचे तपशील उजेडाच्या तपशिलांपेक्षा अधिक सढळ हाताने टाकले जातात, कारण मनुष्याचा डोळा उजेडातील फरक जितका टिपतो तितका रंगातील टिपीत नाही. थोडक्यात, जे टाकले असता पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही ते टाकावे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. एकदा टाकलेले पुन्हा मिळत नाही. रॉ प्रत पंचवीस-तीस मेगाबाइटांची झाली तर त्याच दृश्याची जेपेग प्रत आठ-दहांत बसते.

आपल्यापैकी बहुतेकांची हयात कचेरीत जाते, म्हणून हा भेद आपल्याला समजण्यास कठीण नाही. फाईलला दोन अंगे असतात, टिप्पणी आणि पत्रव्यवहार. टिप्पणीत सगळे असते. कनिष्ठाने काय सुचविले, वरिष्ठाने का नाकारले, कोणता आकडा मागाहून चुकीचा निघाला, कोणी शंका काढली व ती कशी बाजूस ठेवली गेली. बाहेर जाते ते पत्र मात्र चार ओळींचे. ज्याला पत्र मिळते त्याला ते एकदिलाने घेतलेल्या निर्णयासारखे दिसते. आता फाईल संगणकावर आली, तरी खर्डा पिवळ्या टिप्पणीत राहतो आणि ती एकदा हिरवी होऊन पुढे गेली की तिच्यातील अक्षरही बदलता येत नाही. रॉ म्हणजे आपली टिप्पणी, जेपेग म्हणजे बाहेर गेलेले पत्र, असे म्हटले तर फारशी चूक होणार नाही.

आता नीतीच्या बाजूने पाहिले तर पहिला कौल रॉच्या बाजूने पडतो, आणि तो सबळ कारणाने पडतो. जो आज टाकतो तो आजच्या समजुतीवर टाकतो. उद्या त्याची समजूत वाढली तरी टाकलेले परत येत नाही. म्हणून ज्याला आपल्या निर्णयाविषयी थोडीही शंका आहे त्याने मूळ साहित्य राखावे, हा विनयाचा धर्म आहे. आपल्या कायद्यानेही तो मान्य केला आहे. कचेरीतील फायलींची आम्ही वर्गवारी करतो. काही कायमच्या राखावयाच्या व त्यांची प्रतिमाही घ्यावयाची, काही नुसत्याच राखावयाच्या, आणि काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाच्या. हे ठरविताना कारकुनाला व त्याच्या अधिकाऱ्याला बरीच मोकळीक असते. परंतु १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात एक कलम असे आहे की, १८९२ पूर्वी निर्माण झालेला कोणताही अभिलेख, तो इतका जीर्ण झाला असेल की अभिलेखागाराला त्याचा काहीच उपयोग उरला नाही, असा अपवाद वगळता नष्ट करता येणार नाही. हे कलम मी प्रथम वाचले तेव्हा मला मौज वाटली होती. १८९१ सालच्या एखाद्या क्षुल्लक पावतीला हे संरक्षण आहे, पण १८९३ सालच्या महत्त्वाच्या कागदाला या कलमाचा आधार नाही. विचार केल्यावर मात्र त्यातील शहाणपण दिसू लागले. त्या कागदांपुरते कायद्याने आपल्या न्यायबुद्धीवर विसंबणेच सोडून दिले आहे. कोणते क्षुल्लक आणि कोणते महत्त्वाचे हे तुम्हाला कळते असे समजू नका, एवढेच तो सांगतो.

येथे लेख संपविता आला असता तर किती सोयीचे झाले असते! रॉ राखणारा प्रामाणिक, जेपेगवर भागविणारा उतावळा, असा निवाडा देऊन मोकळे होता आले असते. परंतु रॉ म्हणजे सत्य, ही समजूतच तपासून पाहिली की टिकत नाही.

एक तर संवेदकावरील बिंदूला रंग कळत नाही, केवळ उजेड कळतो. रंग कळावा म्हणून प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकेक गाळणी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली व १९७६ मध्ये तिचे पेटंट झाले. तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव तांबड्या व पाव निळ्या असतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तिनांपैकी एकच रंग खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. हे अनुमान केल्याखेरीज रॉ प्रत डोळ्यांना दिसूच शकत नाही. रॉमध्ये चित्र घेतल्यावर कॅमेऱ्याच्या पाठीवर जे दिसते ते देखील रॉ नसते. त्या प्रतीच्या पोटात कॅमेऱ्याने पाहण्यापुरते एक लहान जेपेग घालून ठेवलेले असते, तेच आपण पाहतो. निव्वळ कच्चे असे कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाही. जे पाहिले ते कोणी तरी ठरवून दाखविलेलेच पाहिले.

दुसरे असे की रॉलाही मर्यादा आहेत. उजेड इतका झाला की बिंदू काठोकाठ भरला, तर त्यापुढील काहीही त्यात मावत नाही. दुपारच्या उन्हातील पांढऱ्या धोतराच्या चुण्या एकदा जळाल्या म्हणजे रॉ असो वा जेपेग, त्या कोठूनही परत आणता येत नाहीत. आणि तिसरे असे की, कॅमेरा कोठे रोखला, कोणत्या क्षणी बटण दाबले, चौकटीबाहेर कोणाला ठेवले, हे निर्णय रॉच्याही आधीचे आहेत. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स हे तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करीत होते. निगेटिव्ह ही संगीताच्या लिखित स्वरलिपीसारखी आणि छापील प्रत ही प्रत्यक्ष वादनासारखी, असे ते समजावून देत. १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे त्यांनी घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्याच एका निगेटिव्हवरून त्यांनी पुढे अनेक दशके प्रती काढल्या, आणि उत्तरोत्तर आकाश अधिक काळे होत गेले. मूळ एकच, निर्णय निरनिराळे. यांपैकी कोणती प्रत खरी असे विचारणे मला निरर्थक वाटते. परंतु प्रत काढलीच नसती तर ते चित्र कोणी पाहिलेच नसते, एवढे मात्र निश्चित.

या प्रश्नावर जगातील दोन संस्थांनी परस्परविरुद्ध मार्ग धरलेले दिसतात. २०१५ च्या नोव्हेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्यासाठी काम करणाऱ्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळविले की, रॉवरून संस्कार करून काढलेली चित्रे यापुढे पाठवू नका. कॅमेऱ्याने मुळात जेपेग म्हणून टिपलेलीच पाठवा. जागा छाटणे, उजेड थोडा कमीजास्त करणे यास मुभा होती. काम लवकर व्हावे हे एक कारण होते, आणि चित्र घटनेशी इमान राखणारे असावे हे दुसरे. याउलट 'वर्ल्ड प्रेस फोटो' या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत पोहोचणाऱ्यांकडे मूळ रॉ प्रती मागतात व त्यांच्याशी चित्रे ताडून पाहतात. २०१५ च्या स्पर्धेत उपांत्य फेरीतील सुमारे २० टक्के चित्रे अशा तपासणीत बाद झाली. त्याआधी २०१३ मध्ये, स्वीडनचे पॉल हॅन्सेन यांनी गाझा येथील एका अंत्ययात्रेचे जे चित्र घेतले होते त्याला वर्षाचे पारितोषिक मिळाले, तेव्हा ते जोडकाम आहे असा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ प्रत तपासली आणि आरोप निराधार ठरला. छटा उजळमंद केलेल्या होत्या, पण चित्र एकच होते.

एक संस्था म्हणते जेपेग हाच प्रामाणिकपणा, दुसरी म्हणते रॉ हाच पुरावा. वरवर हा विरोध दिसतो. मला वाटते, दोघी दोन निरनिराळे गुण मागत आहेत. पहिली संयम मागते. सांगणाऱ्याने जे पाहिले ते तत्काळ सांगावे, त्याला मागाहून रंगरूप देण्याची संधीच घेऊ नये. दुसरी उत्तरदायित्व मागते. सांगणाऱ्याने हवे तसे सांगावे, पण कोणी विचारले तर मूळ दाखविता आले पाहिजे. संयमी माणसाच्या हाती मूळ नसले तर त्याची चूक कधीच उघड होत नाही. आणि उत्तरदायी माणूस मूळ जपण्यातच गुंतला तर सांगण्याची वेळ टळून जाते. यातील दुसरा दोष माझ्या हातून घडला आहे, आणि तो सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास घेतला.

माझे आजोबा वाईस राहत. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत घरी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. त्या हिशोबाने हजार चंद्र पाहावयास ऐंशी वर्षे दहा महिने लागतात, हे आजोबांनी स्वतः कागदावर मांडून आम्हाला दाखविले होते. मी आठ दिवसांची रजा काढून गेलो, आणि बरोबर नवा कॅमेरा नेला. चुलतभाऊ मोबाइलवर फोटो काढीत होता. मी मनात त्याला हसत होतो, हे आज कबूल केले पाहिजे. मी सर्व चित्रे रॉमध्ये घेतली. एकूण सहाशेबारा झाली. सतरा गिगाबाइटांच्या आसपास.

पुढल्याच आठवड्यात चुलतभावाने साताऱ्याला जाऊन आपल्या फोटोंपैकी वीस-पंचवीस छापून आणले. रंग भडक होते, मोबाइलने सर्वांचे चेहरे सारवल्यासारखे गुळगुळीत केले होते, आणि आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या नाहीशा झाल्या होत्या. ते आजोबांच्या उशाशी एका पाकिटात राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवीत.

मला ते दूरध्वनीवर विचारीत, "अरे, तुझ्या फोटोंचं काय झालं?"

"करतोय आजोबा. जरा नीट करून पाठवतो."

ते एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला विचारलेले होते. 'विचाराधीन आहे' या उत्तराचा अर्थ त्यांना माझ्याहून अधिक कळत होता. दोन-चार वेळा विचारून मग त्यांनी विचारणे सोडले. मी आळस करीत होतो असे नाही. काही रविवारी मी संगणकापुढे बसेही. पण सहाशेबारांतून कोणती घ्यावी, त्या दिवशी माजघरातला उजेड किती पिवळा होता, तो तसाच ठेवावा की काढून टाकावा, हे ठरेना. प्रत्येक निर्णय बदलता येतो, म्हणून एकही पुरा होत नव्हता. सर्व शक्यता हातात आहेत या समाधानात एक वर्ष गेले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि जूनमध्ये आजोबा गेले. मला जाता आले नाही. टाळेबंदीचे कारण पुढे करण्याचा मोह तेव्हा झाला, अजूनही होतो. पण त्याआधीचे तेरा महिने सर्व वाटा मोकळ्या होत्या, आणि टपालाचे पाकीट तर चार दिवसांत पोहोचले असते.

त्यांनी माझे एकही चित्र पाहिले नाही.

जेपेगमध्ये काही तरी कायमचे टाकले जाते असा आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. पण रॉमध्येही काही कायमचे जाऊ शकते, काळ जातो. ज्याच्यासाठी चित्र घ्यावयाचे तो माणूस जातो. चुलतभावाच्या फोटोंत आजोबांच्या आठ्या नव्हत्या, तरी ते आजोबांच्या हातात होते. माझ्या प्रतींत आठ्याच काय, भुवईचा एकेक केस होता, आणि त्या दिल्लीत एका तबकडीवर होत्या. यांत सत्याच्या अधिक जवळ कोण होते? पूर्वी मी याचे उत्तर विचार न करता दिले असते. सत्य जपणे ही एक गोष्ट आणि ते ज्याचे आहे त्याला वेळेवर देणे ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही. 'नीट करून' या शब्दांच्या आड मी जो निर्णय टाळला, त्याला काळजीपूर्वकपणा म्हणणे आत्मवंचना होईल. निर्णय घेतला की चूक होण्याचा धोका असतो. तो मला नको होता, एवढेच त्यातले खरे.

परंतु गोष्ट येथेच थांबत नाही. थांबली असती तर मी स्नेह्यांना 'जेपेगच ठेवा' असे ठामपणे सांगितले असते.

आजोबांच्या तेराव्याला ठेवण्यासाठी घरून फोटो मागितला, तेव्हा मी त्या रात्री सगळ्या प्रती उघडून बसलो. औक्षणाच्या वेळचे एक चित्र होते. आजोबा पाटावर बसलेले, समोर दिव्यांचे तबक, भोवती घरातल्या सुवासिनी; मागे स्वयंपाकघराचे दार, आणि दारात निव्वळ काळोख. आजोबांचा चेहरा थोडा उजळावा म्हणून मी छाया उचलल्या, त्याबरोबर तो काळोखही उजळला. दारात आत्या उभी होती. उंबऱ्याच्या आत, चौकटीला हात लावून, आजोबांकडे पाहत.

आत्या लग्नानंतर अकराव्या वर्षी परत माहेरी आली, ती कायमचीच. आजोबांचे पथ्यपाणी, औषधे, त्या दिवशीचा साठ पानांचा स्वयंपाक, हे सगळे तिचे. औक्षणाच्या वेळी तिला मागे राहा असे कोणी म्हटले नव्हते. पुढे ये असेही कोणी म्हटले नव्हते. घरात आम्ही सगळे शिकलेले. विचारले असते तर असल्या रूढी आम्ही मानीत नाही असेच प्रत्येकाने सांगितले असते. मीही सांगितले असते. मी तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावून तिच्यापासून पाच-सहा हातांवर उभा होतो; चित्र घेतल्यावर त्याच्या पाठीवर पाहिलेही होते, आणि मला काळे दार दिसले होते. चुलतभावाच्या फोटोतही ते दार काळेच आहे, आणि तेथे कितीही उजळले तरी काळेच राहते, कारण तेथील तपशील राखण्याजोगा नाही असे मोबाइलने त्याच क्षणी ठरवून टाकले होते.

जे टाकले असता पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही ते टाकावे, हे सूत्र मी वर सांगितले. यंत्राच्या बाबतीत ते निरुपद्रवी आहे. किंबहुना चतुराईचे आहे. पण हे सूत्र आमच्या घराने त्या यंत्राच्या कितीतरी आधी अंगी बाणविले होते. लक्षात येत नाही हा वस्तूचा दोष नसून पाहणाऱ्या डोळ्याचा असू शकतो. मूळ राखण्याचे खरे कारण मला त्या रात्री कळले. पुढे चित्र अधिक देखणे करता यावे यासाठी मूळ राखावयाचे नसते. आपण काय पाहिले नाही हे कधी तरी आपल्याला दाखविले जावे, यासाठी ते राखावयाचे.

मग आणखी एक शंका उभी राहिली. आत्या काळोखात उभी राहिली ती आपणहून. तिला उजेडात ओढण्याचा अधिकार मला कोणी दिला? टिप्पणीत कोणी काय लिहिले हे आता माहितीच्या अधिकारात, काही अपवाद सोडून, नागरिकाला मागता येते, आणि ते योग्यच आहे. तेथे सत्तेचा व्यवहार असतो. पण घरातल्या माणसाच्या एकांताला तोच न्याय लावता येईल का? मूळ प्रत हाती असणे म्हणजे दुसऱ्याने झाकलेलेही आपल्या हाती असणे. म्हणून ते चित्र मी कोणालाही पाठविले नाही. तेराव्यासाठी आजोबांचे एकट्याचे दुसरे चित्र धाडले. पुढे दिवाळीनंतर वाईस गेलो तेव्हा दोन्ही छापून नेली, आणि औक्षणाचे चित्र आत्याला एकटीला दाखविले.

तिने ते खिडकीशी नेऊन पाहिले. काळोख उचलल्यामुळे तिचा चेहरा दाणेदार, रवाळ झाला होता. ती म्हणाली, "मी तिथं होते हे मला ठाऊक आहे, बाळ. तुला आता दिसलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. थोड्या वेळाने तिने विचारले, "हे त्यांनी पाहिलं होतं का रे?" मी नाही म्हणालो. तिने चित्र पालथे करून ठेवले आणि ती स्वयंपाकघरात गेली. ते आता तिच्या पेटीत आहे. भिंतीवर लावू का असे विचारले तर नको म्हणाली, आणि फाडू का असे विचारले तरीही नको म्हणाली.

या एका चित्राच्या संबंधात मी दोन अपराध केले असे मला वाटते. पाहावयाचे तेव्हा पाहिले नाही, हा एक. द्यावयाचे तेव्हा दिले नाही, हा दुसरा. वेळेवर उघडले असते तर कदाचित आजोबांच्या हयातीतच ते दार मला उजळलेले दिसले असते, आणि मग आत्याला बोलावून पाटाशेजारी बसविण्यास एक पूर्ण वर्ष होते. रॉने माझी पहिली चूक दुरुस्त होण्याजोगी ठेवली होती. ती दुरुस्तीची मुदत मी दुसऱ्या चुकीने घालविली. म्हणून रॉ श्रेष्ठ की जेपेग, या वादात मी आता पडत नाही. मूळ राखणे हे कर्तव्य आहे, कारण आपली दृष्टी अपुरी असते. निर्णय करून प्रत हातावेगळी करणे हेही कर्तव्य आहे, कारण आयुष्य अपुरे असते. पहिल्याचा आधार घेऊन दुसरे टाळावयाचे नाही, आणि दुसरे केले म्हणून पहिले फेकून द्यावयाचे नाही. आपल्या कचेरीची जुनी रीत याहून काय निराळी आहे? पत्र वेळेवर जावे, टिप्पणी फायलीत राहावी. आणि कोणी कधी विचारले, तर पत्रावर सही करणाऱ्याने फाईल उघडण्यास भिऊ नये.

कॅमेऱ्यात तिसराही एक पर्याय असतो, हे माहीतगार वाचकांना आठवलेच असेल. दोन्ही प्रती एकदम घेता येतात. तो मी हल्ली वापरतो. पण त्याने प्रश्न सुटतो असे मात्र नाही. दोन प्रती तबकडीवर पडून राहणे हे एक प्रत पडून राहण्यापेक्षा अधिक नीतीचे ठरत नाही.

दुसऱ्या रविवारी मी आपणहून वरच्या मजल्यावर गेलो आणि स्नेह्यांना म्हणालो, "परवा मी अर्धवट सांगितलं. दोन्ही ठेवा. रॉ राहू द्या. पण घरी जाऊन आलात की आठ दिवसांच्या आत दहा चित्रं छापून आईंना पाठवा. बरी-वाईट कशीही असोत. आणि सवडीनं का होईना, मूळ प्रती एकदा उघडून कोपऱ्यांतला काळोख नीट पाहा."

"कोपऱ्यांत काय असतं?" त्यांनी विचारले.

ते त्यांचे त्यांनाच दिसावयास हवे, म्हणून मी उत्तर दिले नाही.